पत्र्याच्या पेटीवरचा ठेका

भटू,

चौकातल्या फळ्यावर तुझ्याबद्दल लिहिलं होतं, 'गुणी वाद्यकलावंत हरपला.' मी ओल्या हातानं ते पुसलं. फळा लिहिणारे सुकलालभाऊ धावत आले. "ओ निमाताई, काय करता? शोक आहे तो!"

मी म्हटलं, शोक असू द्या, पण खोटं नको. या माणसानं आयुष्यात एक वाद्य वाजवलं नाही. ढोलकी हातात दिली तर बोटं दुखतात म्हणून खाली ठेवायचा.

"मग काय लिहू?"

"लिहा, ठेके बनवायचा."

"असं कसं लिहिता येईल? लोकांना काय कळणार?"

"नाही कळलं तर विचारतील तरी."

त्यांनी लिहिलं नाही. फळा दिवसभर अर्धा ओला राहिला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर नळाला पाणी सुटायच्या वेळा आल्या. आपल्या वस्तीत तुझी एवढीच नोंद झाली, म्हणून हे लिहायला बसले. पत्रक लिहायला घेतलं होतं, पण पत्रकात मला 'आम्ही' लिहायची सवय. तुझ्याशी 'आम्ही' होऊन बोलता येईना.

टेम्पो पारोळ्याच्या अलीकडे उलटला, हे सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या अंगावर तुमच्याच दुकानाचे भाड्यानं द्यायचे स्पीकर पडले, हेही माहीत आहे. माणसाला मागे सामानावर बसवून पाठवणारा तुझा मालक अजून तुझ्या वडिलांना, आबांना, भेटायला आलेला नाही. त्याच्यासाठी वेगळं पत्रक निघेल आणि त्यात त्याचं नाव असेल. इथे त्याला जागा देणार नाही. ही जागा तुझी आणि आबांची आहे. थोडी माझीही, कारण आपलं भांडण अर्धं राहिलं आणि अर्धं भांडण मला झोपू देत नाही.

तू कामाला होतास ते दुकान देवपुरात, कॉलेजच्या रस्त्यावर. काउंटरच्या मागे तू आणि दोन कॅसेटा लागणारा तो डेक. लोक रिकामी कॅसेट आणि गाण्यांची यादी देऊन जायचे, तू भरून द्यायचास. मी यायचे ते आमच्या संघटनेची पत्रकं काउंटरवर ठेवायला. तू प्रत्येक वेळी तेच म्हणायचास, "या पत्रकबाई. आज कोणाचा निषेध?" मी चिडायचे. माझं चिडणं बघायला तू पत्रकं ठेवून घ्यायचास आणि मग कॅसेटचे खोके त्याच कागदात गुंडाळून गिऱ्हाइकांना द्यायचास. "घरोघर पोचतंय ना? तुझं तू बघ," असं वर म्हणायचास.

त्या वर्षी रॅप आलं. रिक्षात तेच, पानाच्या टपरीवर तेच, लग्नाच्या वरातीत तेच. होस्टेलवरच्या कोणीतरी तुला खऱ्या अमेरिकेची कॅसेट आणून दिली. तू मला ती काउंटरच्या आत बसवून ऐकवलीस. गाणं असं नव्हतंच. एक माणूस तावातावानं भांडतोय आणि त्याच्या मागे एक ठेका पुन्हा पुन्हा फिरतोय. मी म्हटलं, हे काय?

"हे तूच शे," तू तुझ्या अहिराणी वळणानं म्हणालास. "भांडतेस अशीच. फक्त तुझ्या मागे ठेका नाही."

मग तू मला ते समजावलंस. होस्टेलच्या पोरानं तुला जेवढं सांगितलं होतं तेवढंच तुला माहीत होतं, पण सांगताना तुझा आवाज बदलला होता. ती काळी माणसं, त्यांच्या बापांच्या जुन्या तबकड्या घरात पडलेल्या. पोरं त्यातला इवलासा तुकडा उचलतात, तोच फिरवत ठेवतात, आणि त्याच्यावर आपलं म्हणणं उभं करतात. तू थांबलास आणि म्हणालास, "निमे, आपल्या बापांची तबकडी कुठाय?"

मी काउंटरवरची पत्रकं सरळ करत बसले. गिऱ्हाईक आलं होतं.

तुझ्याकडे यंत्र म्हणजे तो डेक आणि त्याचं पॉजचं बटण. एका बाजूला मूळ तुकडा वाजवायचा, दुसऱ्या बाजूला भरायचा. तुकडा संपला की पॉज दाबायचं, मूळ कॅसेट मागे न्यायची, पुन्हा अचूक त्याच ठिकाणी पॉज सोडायचं. परत तेच. तीन मिनिटांचा ठेका व्हायला तुझी आख्खी दुपार जायची. बटण केसभर उशिरा सुटलं की ठेका लंगडायचा. मग सगळं पुसून पहिल्यापासून. अंगठ्याला घट्टा पडला होता तुझ्या. मी एकदा म्हटलं, एवढ्या वेळात माणूस पदवी घेतो. तू म्हणालास, "घेऊन तू काय केलंस? पत्रकं वाटतेस."

जळगावच्या एका तरुण मंडळानं स्पर्धा जाहीर केली. रॅपचा ठेका बनवायचा, गाणारा नको, नुसती कॅसेट आणायची. पहिल्या फेरीतून दोघे निवडणार, मग त्या दोघांचा समोरासमोर सामना, आणि लोकांच्या टाळ्यांवर निकाल. तू त्या जाहिरातीचा कागद काउंटरच्या काचेखाली ठेवलास आणि मला म्हणालास, "तबकडी सापडली."

आबांची सवय आपल्या दोघांना लहानपणापासून माहीत. चहा उकळेपर्यंत खाटेशेजारच्या पत्र्याच्या पेटीवर त्यांची बोटं चालायची. डोळे दुसरीकडे, बोटं पेटीवर. तुझी आई होती तेव्हा ओरडायची, "पेटी फुटी जाई ना!" मग ते थांबायचे, आणि थोड्या वेळानं बोटं पुन्हा सुरू. ते काय वाजतंय हे आपण कधी विचारलं नाही. कोणाच्या घरात घड्याळ वाजतं, तुमच्या घरात आबांची बोटं वाजायची.

तू टेपरेकॉर्डर खाटेखाली सरकवलास, लाल बटण दाबलंस आणि चहा मुद्दाम मंद आचेवर ठेवलास. आबांना सांगितलं नाहीस. सांगितलं असतं तर बोटं थांबली असती, असं तुझं म्हणणं. त्यावर मी तुझ्याशी भांडले नव्हते, तेव्हा त्यात भांडण्यासारखं काही दिसलंच नव्हतं. तू त्यातला एक तुकडा उचललास. दोन जड ठोके, मग बोटांची एक सर, मग श्वासभर गप्प, आणि परत जड ठोका. त्या गप्प जागेत तू तुमच्या मुन्सिपाल्टीच्या नळाचा खडखडाट घातलास. मी ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. तुला सांगितलं मात्र, बरं आहे, जरा लांबलंय.

जळगावला आपण तिघे एसटीनं गेलो. आबा येत नव्हते. तू म्हणालास, "आबा, बक्षीस मिळालं तर कोणाला दाखवू? पत्रकबाईला? ती त्याचाही निषेध करेल." आबा हसले आणि धुतलेली टोपी घालून निघाले.

हॉल मोठा, पंखे जोरात, पुढे समई लावलेली. तुझा मुख्य स्पर्धक तिथलाच, पिंटूशेठ. सगळे त्याला पिंटूशेठच म्हणत होते, वय आपल्याएवढंच. सराफ घरातला, मुंबईहून आणलेला कीबोर्ड, गळ्यात साखळी. तुझी कॅसेट बघून म्हणाला, "धुळ्याहून काय आणलंय रे? खोक्यावर तर 'पाणीपट्टीवाढीचा निषेध' लिहिलंय!" माझं पत्रक. तू म्हणालास, "आत ठेका शे, बाहेर ही शे," आणि माझ्याकडे बोट दाखवलंस. तो मोठ्यानं हसला. मला तो तेव्हा अजिबात आवडला नाही, हे नोंदवून ठेवते.

पहिल्या फेरीत तुझा ठेका लागला आणि हॉल हलला. खोटं सांगत नाही. मागच्या रांगेतली पोरं उभी राहिली. एक जण शिट्टी वाजवायला गेला आणि विसरलाच, तोंडात बोटं घालून नुसता ऐकत राहिला. मी आबांकडे पाहिलं. तुला हे कधी सांगितलं नाही. आबांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले होते. घट्ट. हातांवर बसले होते ते. मला वाटलं खुर्ची अरुंद आहे.

तू आणि पिंटूशेठ निवडले गेलात. मधल्या वेळात अध्यक्ष आले, म्हातारे व्यापारी, सगळे त्यांना नाना म्हणत होते. त्यांनी पहिली फेरी ऐकली नव्हती. सामना सुरू झाला. आधी पिंटूशेठ वाजवून उतरला, टाळ्या भरपूर. मग तुझी कॅसेट लागली. दोन जड ठोके, सर, गप्प जागेतला नळ. पुन्हा दोन ठोके. आणि नाना उठले.

"बंद करा! आधी बंद करा ते!"

कॅसेट बंद झाली. पंख्यांचा आवाज एकदम मोठा झाला.

"मयताचं डफडं आहे हे," नाना म्हणाले. ते चिडले नव्हते, घाबरले होते. "माझ्या वडिलांना नेलं तेव्हा दारात हेच वाजत होतं. इथं समई लावलीय, लेकरंबाळं बसलीत. कोणी आणलं हे?"

तू माईकपाशी गेलास. तुझा चेहरा अगदी सरळ होता. म्हणालास, "नाही हो नाना, डफडं नाही. पत्र्याची पेटी आहे."

लोक हसले. नाना हसले नाहीत. "पेटी असो की परात असो, बाळ. हात कोणाचा आहे?"

तेव्हा तू आबांकडे पाहिलंस.

भटू, तुला खरंच माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. आपल्या वस्तीतल्या एकाही तरुणाला तो ठेका ओळखता आला नसता. आपल्या म्हाताऱ्यांनी तो आपल्या कानावर पडू नये म्हणून गावं सोडली होती. त्या आख्ख्या हॉलमध्ये तो ओळखणारी माणसं दोनच होती. एक, ज्याच्या दारात तो वाजला. दुसरा, ज्यानं दाराबाहेर उभं राहून तो वाजवला. आणि त्या दुसऱ्याचा मुलगा माईकवरून सांगत होता, पत्र्याची पेटी आहे.

तू पाहिलंस म्हणून सगळ्यांनी पाहिलं. आबा उठले. टोपी नीट केली. रांगेतल्या लोकांना "सरका जरा" म्हणत बाहेर गेले.

मंडळाचा सेक्रेटरी तुझ्या कानाशी लागला, दुसरी कॅसेट लाव, सामना चालू ठेवू. तुझ्या खिशात दुसरी होती, मला माहीत होतं. मी स्टेजच्या पायऱ्यांवर येऊन तुला म्हटलं, "ती लाव आणि चल. आबा एकटे बाहेर गेलेत."

तू म्हणालास, "आता तर हीच लावणार."

"का?"

"आता कळलं ना हे काय शे ते."

त्यांनी लावू दिली नाही. पिंटूशेठ मधे पडला, सेक्रेटरीला म्हणाला, "अहो, मला हरू तरी द्या नीट!" त्याचंही कोणी ऐकलं नाही. बक्षीस त्याच्या हातात कोंबलं आणि फोटो काढला. फोटोत त्याचं तोंड बघ कधी. तोंडात मेथी धरल्यासारखं आहे.

आबा स्टँडवर बाकावर बसले होते. तू समोर उभा राहिलास. ते बराच वेळ तुझ्या चपलांकडे बघत होते.

"तुले कोनी सांगं हाई वाजाडाले?"

"आबा, मला माहीत नव्हतं. तुम्ही कधी सांगितलंच नाही."

"सांगानं नव्हतं म्हनीसनच गाव सोडं." मग हात उघडून त्यांनी स्वतःच्याच तळव्यांकडे पाहिलं. "मना हात चोरीसन लई गया तू."

एवढंच.  घरी गेल्यावर त्यांनी पेटीवर गोधडी घडी करून ठेवली, आणि त्यानंतर त्या पेटीवर बोट पडलं नाही.

मी माझ्या आईला विचारलं तेव्हा तिनं सांगितलं. गावात कोणाकडेही मयत झालं की आधी आबांना बोलावणं. अंगात ताप असो, घरात स्वतःचं लेकरू आजारी असो. दारात यायचं नाही, लांब उभं राहायचं, पुढे चालत वाजवायचं, आणि परत येताना सगळ्यांच्या मागे. तुझ्या आईला दिवस गेलेले असताना त्यांनी एक दिवस डफडं विहिरीजवळ फोडलं आणि पाणी न पिता गाव सोडलं. मला हे ऐकल्यावर आधी रडू आलं आणि मग तुझा राग आला. मी सरळ तुझ्या दुकानात आले.

आपलं भांडण तिथून सुरू झालं. काउंटरवर झालं, पांझरेच्या पुलावर झालं, रिक्षास्टँडवर झालं. रिक्षावाले म्हणायचे, नवरा-बायको पण एवढे भांडत नाहीत. मी म्हणायचे, आपल्या माणसांनी जे फेकून दिलं ते तू उचलून आणलंस, आणि उचललंस तेही परक्यांना ऐकवायला. तू म्हणायचास, फेकली ती गुलामी. ठेका कशाला फेकला? तो आबांचा होता. मी म्हणायचे, आबांचा होता म्हणतोस आणि आबांना विचारत नाहीस. इथे तू विषय बदलायचास. मला वाटायचं, जिंकले. मग दुसऱ्या दिवशी तू नवीन काहीतरी घेऊन यायचास.

एकदा म्हणालास, "तू ज्या भाषेत पत्रकं लिहितेस, त्याच भाषेत आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या शिव्या घातल्या. भाषा फेकलीस का?"

 मी पत्रकांचा गठ्ठा उचलला आणि निघून आले. मागून तू ओरडलास, "पत्रकबाई, उत्तर सायक्लोस्टाईल करून आण!"

उत्तर आता सुचलंय, भटू. तुला नेऊन आल्यावर, न्हाणीत हातपाय धुताना सुचलं. भाषा आपल्या आयांनी आपल्याला दिली, मांडीवर घेऊन. ती आपल्याला कोणी दाराबाहेर उभं करून, आता बोल म्हणून, हुकूम देऊन बोलायला लावलेली नाही. डफडं वाजवायला लावलं होतं. फरक आहे. मोठा फरक आहे. तू यावर काय म्हणाला असतास? नक्की काहीतरी म्हणाला असतास. मी सगळीकडून विचार करून बघते, तुझ्या बाजूनं बोलून बघते, पण तुझ्यासारखं तिरकं मला सुचत नाही. जिंकल्यासारखं वाटतच नाही. समोरचा उठून गेलेल्या सभेत भाषण केल्यासारखं वाटतं.

आणि तरी सांगते, माझं मत तेच आहे. तू गेलास म्हणून मी ते मऊ करणार नाही. तुला नेताना काही वाजलं नाही, नुसती पावलं आणि वंदना, आणि ते बरोबर होतं. आपल्या वस्तीच्या मंडळातल्या कोणीतरी, याची कॅसेट लावायची का, असं हळूच विचारलं तेव्हा नाही म्हणणारी मीच होते. आबा ऐकत होते. 

पण तुझे आभार मानायचेत, आणि ते मी तोंडावर कधी मानले नसते. तू होतास म्हणून मला कळलं की माझी पत्रकं लोक वाचत नाहीत. तेवढं स्पष्ट दुसऱ्या कोणी सांगितलं नव्हतं. तू एकदा माझं पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलंस, टेबलावर ठोके देत, आणि तिसऱ्या ओळीला थांबलास. "इथे श्वास घ्यायला जागा नाही, निमे. माणूस मरेल." तेव्हापासून मी लहान वाक्यं लिहिते. आमच्या वरिष्ठांना वाटतं, हे मी त्यांच्याकडून शिकले.

आबा तुझ्याशी बोलत नव्हते, हे तू हसण्यावारी न्यायचास. "घर शांत झालंय, अभ्यासाला बरं." कसला अभ्यास? ते ताट वाढून ठेवायचे, झाकायचे आणि अंगणात जाऊन बसायचे. तू जेवून उठलास की आत यायचे. एवढे महिने. तू घरातला टेपरेकॉर्डर मुद्दाम खाटेवर, आबांच्या उशाशी ठेवलास, आत ती कॅसेट घालून. मी म्हटलं, ते ऐकणार नाहीत. तू म्हणालास, "आज नाही. पण ऐकायचं ठरवलं तर कॅसेट शोधायला लागू नये." तू रोज घरी येऊन आधी त्या कॅसेटची फीत कुठे थांबलीय ते बघायचास. ती कधी हललेली नसायची. हे तू मला एकदाच सांगितलंस, पुलावर, नदीकडे तोंड करून. मी तुझ्याकडे बघितलं नाही. मी बघितलं असतं तर तू पुढचं बोलला नसतास. पुढचं हे होतं, "बक्षीस गेलं त्याचं काही नाही गं. एकदा 'बरं शे' म्हणायला पाहिजे होतं त्यांनी. नाहीतर 'वाईट शे'. काहीतरी."

परवा पिंटूशेठ आला. जळगावहून स्कूटरवर, एकटा. दाराबाहेर बूट काढून ते हातात धरून उभा राहिला, कुठे ठेवायचे कळेना. आबांना वाकून नमस्कार केला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, ती कॅसेट द्या, माझ्याकडे चांगलं यंत्र आहे, प्रती काढतो, लोकांना देतो.

"नाव कोणाचं टाकणार?"

"भटूचं. अजून कोणाचं?"

"हात त्याचा नाही."

तो गोंधळला. मग त्याला आठवलं. तो खाली बघत म्हणाला, "मी कसं विचारू त्यांना, ताई? तुम्हीच विचारा."

मी पत्रकं वाटायला कोणाच्याही दारात जाते, ठाण्यात साहेबासमोर टेबलावर हात आपटते. पण आबांसमोर जमिनीवर बसले आणि पहिलं वाक्य मनात तीनदा खोडलं. शेवटी जसं आहे तसं सांगितलं. हा ती कॅसेट मागतोय. लोकांना द्यायला. तुमच्या हाताची आहे. नाही म्हणालात तर नाही. मी स्वतः नाहीच म्हणाले असते.

आबांनी उशाशी ठेवलेल्या टेपरेकॉर्डरकडे पाहिलं. मग म्हणाले, "आधी आयकू दे."

तू घातली होतीस तशीच कॅसेट आत होती. आबांनी टेपरेकॉर्डर मांडीवर घेतला. मी पुढे झाले तर हातानं मला थांबवलं, स्वतः बटण दाबलं. ठेका सुरू झाला. दोन जड ठोके. सर. गप्प जागेतला नळ. आबा मान खाली घालून ऐकत होते. त्यांचे हात त्या यंत्राच्या दोन्ही बाजूंना, भरलेलं पातेलं धरावं तसे. पिंटूशेठ दारात बूट घेऊन तसाच उभा. थोडं वाजलं आणि आबांना ते अजून मोठं हवं झालं असावं, की परत पहिल्यापासून हवं झालं, मला माहीत नाही. त्यांनी एक बटण दाबलं, मग घाईनं दुसरं, मग दोन एकदम. ठेका गेला. चकत्या फिरत होत्या आणि आवाज नव्हता.

आबांनी यंत्र कानाशी नेलं. आणि दाराकडे मान वळवून, तू मोरीत हात धूत असशील अशा आवाजात म्हणाले, "भटू, हाई बंद पडनं का रे?"

मी झेपावले. लाल बटण दाबलं गेलं होतं. मी ते सोडवलं.  आबांना आपण काय म्हणालो ते तेव्हा कळलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी कॅसेट मागे नेली. किती पुसलं गेलं ते बघायला हवं होतं. लावली. ठेका आला, तसाच, तुझ्या अंगठ्यानं दुपारभर जुळवलेला. मग तो मधेच तुटला. सरसर आवाज, खाट करकरली, आणि मग आबा, अगदी जवळून, महिनोन्‌महिन्यांनंतर तुझ्याशी बोलताना, "भटू, हाई बंद पडनं का रे?" थोडा श्वास. आणि मग दोन जड ठोके, सर, ठेका पुन्हा चालू, शेवटपर्यंत.

पिंटूशेठ हळूच म्हणाला, "तेवढं मी जोडून देतो, आबा. दुसरीकडचा तुकडा तिथे बसवतो. कळणारसुद्धा नाही."

"नको," आबा म्हणाले. "ऱ्हाऊ दे."

मग त्यांनी मला विचारलं, परत असं होऊ नये म्हणून काही करता येतं का. कॅसेटच्या कडेला प्लास्टिकचा एक बारका कान असतो, तो मोडला की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. गिऱ्हाइकाची कॅसेट भरून झाली की तू तो मोडून द्यायचास, मी शेकडो वेळा पाहिलंय. मी केसातला आकडा काढून आबांच्या हातात दिला आणि जागा दाखवली. त्यांनी जोर लावला. कट्‌ असा आवाज झाला. तो तुकडा उडून कुठे पडला ते मी शोधत होते, तेवढ्यात आबांनी कॅसेट पिंटूशेठकडे दिली आणि म्हणाले, "नाव दोन्हीस्नं टाक."

— निमा